नियत फिरली की आधीपासूनच खोटी होती?

भांडुपची खोली हेवी डिपॉझिटवर मिळवून देतो म्हणून ओळखीच्या एजंटाने २०२३च्या दिवाळीत तुमच्याकडून ४ लाख घेतले. खोली नाही, पैसेही नाहीत. अर्जात तुम्ही फसवणूक, विश्वासघात, अपहार, अफरातफर, लबाडी असे पाचही शब्द लिहिलेत, तरी पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ असं ऐकून परत यावं लागलं. या शब्दांत खरंच काही फरक असतो का, असं तुम्ही विचारलंय.

असतो. मी वकील नाही. फोर्टमधल्या वकिलांसाठी २१ वर्षं मराठी फिर्यादी आणि जबाब इंग्रजीत करून देते. तुमच्यासारखे अर्ज खूप वाचलेत. माणूस चिडलेला असतो, हाताशी येईल तो शब्द लिहितो, आणि नेमकी कामाची गोष्ट सांगायची राहून जाते.

आमच्या लालबागच्या चाळीत भिशी चालायची. १९८२च्या गिरणी संपात भिशी चालवणारे गृहस्थ सगळ्यांचे पैसे घेऊन गावी गेले ते परत आलेच नाहीत. आई म्हणायची, ‘फसवलं मेल्याने.’ बाबा प्रत्येक वेळी तिला अडवायचे, ‘फसवलं नाही गं. आठ वर्षं एकाचाही हप्ता बुडवला नव्हता त्याने. संपात नियत फिरली.’ लहानपणी मला बाबांचा राग यायचा. पुढे हे काम करायला लागल्यावर कळलं की कायदाही हाच भेद करतो.

पैसे घेतानाच नियत खोटी असेल, खोटं सांगून तुमच्याकडून ते काढून घेतले असतील, तर ती फसवणूक. कायद्याच्या मराठीत तिला ठकवणूक म्हणतात. पैसे किंवा वस्तू विश्वासाने, रीतसर हातात आली आणि मग नियत फिरली, तर तो फौजदारीपात्र न्यासभंग. झवेरी बाजारातल्या कारागिराला तुम्ही बांगड्या घडवायला सोनं दिलंत आणि त्याने ते परस्पर गहाण टाकलं, तर न्यासभंग. पितळेवर मुलामा चढवून सोनं म्हणून विकलं, तर फसवणूक. आणि लोकलमध्ये सापडलेलं पाकीट, मालक कोण ते दिसत असूनही खर्चून टाकलं, तर अपहार. तिथे कुणी विश्वासाने काही सोपवलेलंच नव्हतं. विश्वासघात आणि अफरातफर हे शब्द बोलण्यातले, बातम्यांतले. अर्जात आले म्हणून बिघडत नाही, पण त्यांवर गुन्हा ठरत नाही.

आता ‘दिवाणी’ का म्हणाले असतील ते. १८६०च्या भारतीय दंड संहितेत फसवणुकीच्या कलमाखाली निळीच्या पिकाचं एक उदाहरण आहे. नीळ पुरवतो म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि मुळात द्यायचीच नव्हती, तर फसवणूक. घेताना द्यायचा इरादा होता, नंतर शब्द मोडला, तर फक्त दिवाणी दावा. तुमच्या अर्जात ‘खोली दिली नाही’ एवढंच आहे. तेवढ्यावरून मोडलेला शब्द दिसतो, पैसे घेतानाची नियत दिसत नाही.

नुसत्या खोटेपणानेही गुन्हा होत नाही. १९६२चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मला फार मोलाचा वाटतो. दिल्लीतल्या एका डॉक्टर आईने तान्ह्या मुलीच्या नावावर मोटार घेतली आणि विम्याच्या कागदांवर मुलीच्या नावाने स्वतः सह्या केल्या. बनावट कागद केल्याबद्दल तिला शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने तिला सोडलं. खोटं होतं, पण त्यातून तिला काही लाभ नव्हता की कंपनीची काही हानी नव्हती, म्हणून ते ‘कपटीपणाने’ केलेलं ठरलं नाही. ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्दही कायद्यात असाच बांधलेला आहे: कुणाचा तरी गैरलाभ किंवा कुणाची तरी गैरहानी करण्याचा हेतू हवा.

तेव्हा पाचही शब्द खोडा आणि तारखा लिहा. खोली दाखवली तेव्हा ती कुणाच्या ताब्यात होती? तीच खोली त्याने आधी आणखी कुणाला कबूल केली होती का? मालकाला तरी हे ठाऊक होतं का? दाखवायच्या आधीच ती दुसऱ्याला गेलेली असेल, तर नियत पहिल्यापासून खोटी होती हे त्यातूनच दिसेल. उलट, ‘मालकाला पोचवतो’ म्हणून त्याने रक्कम घेतली, मालकाशी खरोखर बोलणी चालू होती आणि पुढे त्याने ती स्वतःसाठी वापरली, तर ते न्यासभंगाकडे जातं. एकाच व्यवहाराला दोन्ही कलमं एकदम लागू होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात बजावलं आहे. म्हणून घटना सरळ सांगा, कलम पोलिसांना ठरवू द्या.

तरी कलमांचे आकडे माहीत असू द्या. तुमचा व्यवहार १ जुलै २०२४च्या आधीचा, म्हणून जुन्या दंड संहितेची कलमं: फसवणुकीला ४२०, न्यासभंगाला ४०६. त्या तारखेपासूनच्या गुन्ह्यांना तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची अनुक्रमे ३१८ आणि ३१६ लागतात.

ठाण्यात पुन्हा नकार मिळाला तर तोच अर्ज पोलीस उपायुक्तांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. त्या वेळी वकील सोबत असू द्या. एजंटाचे त्या दिवाळीतले व्हॉट्सॲप मेसेज मात्र आजच जपून ठेवा. त्याने पैसे मागताना काय सांगितलं होतं, ते त्यांतच आहे.