४०१के मधून लोन काढून ३८० डायकास्ट गाड्या घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा. शार्लटजवळ कॉन्कर्डला राहणारे एक वाचक, वय ४१, एच-१बी या वर्क व्हिसावर आयटीत आहेत. ऑफिसमधला एक सहकारी रिटायर होतोय आणि त्याच्या नॅस्कार डायकास्ट गाड्यांचा, म्हणजे अमेरिकेतल्या नॅस्कार कार रेसमधल्या गाड्यांच्या धातूच्या छोट्या प्रतिकृतींचा, सगळा लॉट ९,५०० डॉलरला द्यायला तयार आहे. ३८० गाड्या, बहुतेक नव्वदच्या दशकातल्या, १:२४ साइजच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या. यांचा प्लॅन म्हणजे ४०१के मधून, म्हणजे नोकरीतल्या रिटायरमेंटच्या खात्यातून, लोन काढायचं, आवडीच्या ४० ठेवायच्या, बाकीच्या ३४० ईबेवर विकायच्या आणि नफा मुलीच्या ५२९ मध्ये, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, टाकायचा.

सगळा लॉट घेऊ नका, आणि लोन तर अजिबात नको. पण त्या ४० गाड्या घ्या, ते मी मनापासून सांगतेय, कसं ते पुढे लिहिलंय.

आधी हिशोब करू. तुम्ही १८ हजार डॉलर येतील असं लिहिलंय, पण ते आकडे ईबेवर लोकांनी मागितलेल्या किमतींचे आहेत. मागायला काय, कोणीही काहीही मागतं. फिल्टरमध्ये सोल्ड आयटम्स टिक करा आणि मग बघा, तिथे खरा भाव दिसतो. त्या काळातली साधी १:२४ ची गाडी समजा शिपिंग धरून २५ डॉलरला गेली, त्यातले १३ टक्क्यांच्या आसपास ईबेचे, वर खोका, बबल रॅप आणि पोस्टेज मिळून दहाएक डॉलर, म्हणजे हातात १२ सुद्धा धड राहत नाहीत. ३४० गाड्यांचे झाले साधारण ४,००० डॉलर. म्हणजे तुमच्या लाडक्या ४० गाड्या तुम्हाला साडेपाच हजारांना पडल्या, एकेक जवळपास १३८ ला! वर ३४० पार्सलं, एकेकाला अर्धा तास धरला तरी १७० तास, ते तुमच्या शनिवार-रविवारातून आणि मुलीच्या वेळेतूनच जाणार ना.

भाव एवढा कमी का, तर त्या काळात या गाड्या कलेक्टरसाठी म्हणूनच भरमसाठ काढल्या आणि लोकांनी बॉक्स न उघडता जपून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्या तर दुर्मिळ काय राहणार? २००१ मध्ये डेटोनाच्या रेसमध्ये नॅस्कारचा ड्रायव्हर डेल अर्नहार्ट अपघातात वारला तेव्हा त्याच्या ३ नंबरच्या गाडीवर लोक अक्षरशः तुटून पडले होते, पण त्याच्या साध्या काळ्या गाड्या आज ढिगाने मिळतात.

पैसा असतो तो व्हेरिएशनमध्ये. एकाच गाडीच्या बँक व्हर्जन (नाणी टाकायची खाच असलेली), बॉनेट उघडणारी, क्रोम फिनिशची, रेस जिंकल्यानंतर जशी होती तशी ओरखडे आणि कॉन्फेटीसकट काढलेली अशा कितीतरी आवृत्त्या असतात, आणि बिअर-सिगारेटचे स्पॉन्सर असलेल्या कित्येक गाड्यांच्या खेळण्यांच्या दुकानात जाणाऱ्या आवृत्तीवर तो लोगोच नसायचा. बॉक्सवर किती नग काढले ते बऱ्याचदा छापलेलं असतं, तो आकडा पाच अंकी असेल तर फार आशा ठेवू नका. तुमच्या फोटोतली ती चंदेरी ३ नंबर मी झूम करून दोनदा बघितली. अर्नहार्टने कायमचा काळा रंग सोडून ती १९९५ च्या द विन्स्टन रेसला आणली, विन्स्टन या सिगारेट ब्रँडच्या नॅस्कारमधल्या स्पॉन्सरशिपची २५ वर्षं म्हणून, आणि ती रेस झाली तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, शार्लट मोटर स्पीडवेवर. बॉक्सचा एक कोपरा दबलाय आणि समोरचं प्लास्टिक पिवळं पडलंय, त्यामुळे भाव कमी होणार, पण तुम्हाला ती विकायचीच नाहीये तर तो दबलेला कोपरा तुमच्याच फायद्याचा, त्यावर बोलून किंमत खाली आणा.

आता लोनचं. ४०१के चं लोन साधारण पाच वर्षांत फेडायचं असतं ते तुम्हाला माहितीये. पण नोकरी गेली तर उरलेली रक्कम त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरावी लागते, नाही जमलं तर ती काढलेली रक्कम धरतात, त्यावर टॅक्स आणि तुमच्या वयाला वर १० टक्के पेनल्टी. एच-१बी वर नोकरी गेली की नवीन नोकरी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस. त्या ६० दिवसांत घरातल्या ३४० गाड्यांचे पैसे कोण आणि कधी करणार सांगा.

आणि तुम्ही विचारलंच नाहीत पण मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. एच-१बी वर स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीचंच काम करता येतं. स्वतःच्या संग्रहातली एखादी गाडी विकणं वेगळं आणि नफ्यासाठी लॉट घेऊन वर्षभर विकत बसणं वेगळं, ते दुसरं धंदा म्हणून बघितलं जाऊ शकतं. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एकही लिस्टिंग टाकू नका, ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर नक्कीच नाही.

५२९ साठी वेगळं सांगते, दर महिन्याला १५० डॉलर ऑटो-डेबिट लावा, आजपासून. गाड्यांवर ते अवलंबून नको.

सहकाऱ्याला सरळ सांगा, ४० गाड्या मी निवडतो आणि १,४०० डॉलर रोख देतो, म्हणजे नगाला ३५. तुमचा इमर्जन्सी फंड तीनच महिन्यांचा आहे, त्याला हात न लावता बोनसमधून एवढे सहज निघतील. तो नाही म्हणाला तर २० गाड्यांवर या. आणि कुठल्याही परिस्थितीत ती चंदेरी पहिल्या पाचात घ्या.