जुना लॅपटॉप घेतोयस? आधी हे बघ

भावा, बजेट वीस हजार आणि काम कोडिंग शिकायचं, तर रिफर्बिश्डच घे, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला. तेवढ्यात नवा मिळतो तो रडतखडत चालतो. ऑफिसांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेली मशीन दणकट असतात. फक्त ‘रिफर्बिश्ड’ या शब्दावर भाळू नकोस. नुसतं पुसून चकाचक केलेलंही त्याच नावाने विकतात.

प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचाच बघ. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आठव्या पिढीआधीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /batteryreport’ चालव. मूळ क्षमतेच्या निम्मीच उरली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे वजा करूनच भाव बोल. बायोसने, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रामने, पासवर्ड मागितला तर विषयच सोड.

आपल्या सांगलीत आणखी एक भानगड. २०१९ च्या महापुरानंतर मी एक स्वस्तातलं मशीन उचललं. सहा महिन्यांत कीबोर्ड गेला. उघडलं तर स्क्रूंना गंज आणि पंख्यात कृष्णेचा वाळलेला गाळ! तेव्हापासून खालचे स्क्रू, यूएसबीची तोंडं, सगळं टॉर्च मारून बघतो. तूही बघ, दुकानदार हसला तरी.

वॉरंटी बिलावर लिहून घे. तोंडी म्हणजे बोलाचीच कढी. शनिवारी जाणार असशील तर सांग, मी येतो.