कॅप्टन, खोलीतून शेवटी बाहेर पड

चि. कॅप्टन,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्रीच वाचला. लगेच उत्तर लिहिलं असतं तर रागाच्या भरात लिहिलं गेलं असतं, म्हणून सकाळ होऊ दिली. एवढा लांबलचक मेसेज, त्यात 'लीडरशिप' हा शब्द पुन्हा पुन्हा, आणि तुमच्या फुटबॉल संघातल्या त्या अठरा वर्षांच्या लेफ्ट बॅकचं, म्हणजे डावीकडच्या बचावपटूचं, काय झालं ते जेमतेम दीड ओळीत. वर प्रश्न, की आता या दोघांचं काय करू. गोल त्याच्या बाजूने गेला म्हणून सेंटर फॉरवर्डने, म्हणजे पुढच्या फळीतल्या मधल्या खेळाडूने, सगळ्यांदेखत त्याला आईवरून शिवी दिली, पोरगं स्टडचे बूट पायात तसेच ठेवून निघून गेलं, आणि दोन दिवस प्रॅक्टिसला फिरकलं नाही. तू तेव्हा कुठे होतास? तूच लिहिलंयस, गेटवर समर्थकांची समजूत काढत होतास.

माझं सगळं पत्र याच एका मुद्द्यावर आहे. कॅप्टनने खोलीतून, म्हणजे ड्रेसिंग रूममधून, सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडायचं. हरलास तरी शेवटी, जिंकलास तरी शेवटी. गेटवर पाचशे माणसं तुझ्या नावाने ओरडत असली तरी त्यांना पंधरा मिनिटं ओरडू दे. पेठेतल्या माणसांना ओरडायची सवय आहे, त्यांचं काही बिघडत नाही.

दंडावर पट्टी आली म्हणजे हक्क आला, असं तुझ्या लिहिण्यातून जाणवतं. फुटबॉलच्या नियमांत साफ लिहिलंय की कॅप्टनला कसलाही खास दर्जा किंवा सवलत नाही, मात्र संघाच्या वागणुकीची काही जबाबदारी त्याच्यावर आहे. 2024 च्या युरो स्पर्धेपासून रेफरीशी फक्त कॅप्टनने बोलायचं ही पद्धत रुजली, तीही या जबाबदारीतूनच. गोलकीपर कॅप्टन असेल तर ते काम मैदानातल्या दुसऱ्या एका खेळाडूकडे द्यायचं. मैदानात या जबाबदारीची आठवण रेफरी तुला करून देतो. खोलीत कुणी करून देत नाही.

शेवटी थांबून करायचं काय, असं तू विचारशील. बघायचं. मॅच संपल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत खोली जे दाखवते, ते कोचच्या वहीत कधी येत नाही. घोट्याला सूज आलेला पोरगा मोजा काढत नाही, कारण मोजा काढला की सूज सगळ्यांना दिसणार आणि पुढच्या मॅचला बसावं लागणार. तो मोजा घालूनच चपलेत पाय सरकवतो. हे दिसलं की तिथेच थांबव. बर्फ ओल्या टॉवेलात गुंडाळून पंधरा ते वीस मिनिटं, वर क्रेप बँडेज, पाय उंचावर. बर्फ थेट कातडीवर ठेवू देऊ नकोस, कातडी भाजते.

हेडिंगला, म्हणजे डोक्याने चेंडू मारताना, दोघांची डोकी आपटलेली असली तर त्या पोराजवळ जाऊन बस. स्कोअर दोनदा विचारतोय का, दिवा डोळ्यांवर येतो म्हणतोय का, मळमळतंय का, कोणत्या बाजूला आक्रमण करत होतो ते आठवतंय का. यातलं एकही लक्षण दिसलं तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याचा खेळ बंद. 'मला काही होत नाही' या त्याच्या बोलण्याला काडीची किंमत देऊ नकोस. त्याला एकट्याने मोटारसायकलवर जाऊ द्यायचं नाही, घरच्यांच्या हाती सोपवायचं. डोकेदुखी वाढली, पुन्हा पुन्हा उलटी झाली किंवा गुंगी आली तर सरळ दवाखाना. आधी बाहेर पडणाऱ्या कॅप्टनला यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त हार दिसतो, नाहीतर शिव्या ऐकू येतात.

एप्रिल-मेच्या उन्हात तर आणखी एक काम आहे. खोलीत वजनकाटा ठेव. आधी आणि नंतर वजन घ्यायचं. एक किलो कमी भरलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला, आणि तो भरून काढायला पुढच्या काही तासांत दीड लिटर प्यायला हवं, सोबत मीठ पोटात जायला हवं. साठ किलोच्या पोराचं वजन सव्वा किलोने उतरलं असेल तर शेवटच्या वीस मिनिटांत तो मागे का राहिला, हे तिथंच कळतं. त्याला आळशी म्हणायच्या आधी काटा बघ.

आता खोली झाडण्याबद्दल. तुझ्या संघाच्या नावात 'तालीम' हा शब्द आहे, तो नुसता मिरवायला नाही. आखाड्याची माती पैलवानच उकरतात. वस्तादाचा पोरगा असो नाहीतर गावाकडून आलेला असो, फावडं सगळ्यांच्या हातात येतं. कोल्हापूरच्या पेठापेठांतला फुटबॉल याच तालमींच्या आधाराने वाढला, आणि तरी मॅच संपल्यावर आपली खोली बघवत नाही. केळ्याच्या साली, कापलेल्या चिकटपट्ट्या, अर्ध्या बाटल्या, भिंतीवर बूट आपटून पाडलेला चिखल. 2018 च्या विश्वचषकात रशियातल्या रोस्तोवला जपान बेल्जियमविरुद्ध दोन गोलांनी पुढे होता आणि भरपाई वेळेत तिसरा गोल खाऊन 2-3 ने हरला. यापेक्षा वाईट संध्याकाळ कुठली असेल? त्यांनी खोली लख्ख करून सोडली आणि रशियन भाषेत आभाराची चिठ्ठी ठेवली. 2022 ला कतारमध्ये जर्मनीला हरवलं तेव्हाही तेच, वर कागदाचे अकरा करकोचे. हरल्यावर आणि जिंकल्यावर खोली सारखीच. मी गेली कित्येक वर्षं हेच कानीकपाळी ओरडतोय.

कसं करायचं ते सांगतो. दोन मोठ्या पिशव्या, एक धुण्याच्या कपड्यांची, एक कचऱ्याची. दाराजवळ एक लोखंडी जाळी किंवा जाड गोणपाट, बूट बाहेरच आपटायचे. शर्ट उलटे न काढता सरळ करून टाकायचे आणि मोजायचे, सोळा आले तर सोळा गेले पाहिजेत. झाडू तुझ्या हातात, सुपली सगळ्यात सिनिअर खेळाडूच्या हातात. ज्युनिअरला सांगायचंच नाही. तो आपोआप उठतो. ज्युनिअरकडूनच झाडून घेतलंस तर खोली झाडली जाईल, पण त्याच झाडूने त्याला त्याची जागाही दाखवली जाईल. शिवी तिथूनच येते.

हाफ टाइमला नियमाने जास्तीत जास्त पंधरा मिनिटं मिळतात. जाण्यायेण्यात तीन गेली, उरली बारा. पहिली दोन-तीन मिनिटं कुणीही बोलायचं नाही, कोचनेसुद्धा नाही. श्वास खाली येईपर्यंत कानात काही शिरत नाही. पाणी घोटाघोटाने, साधारण एक ग्लास. तेवढ्यात तू प्रत्येकाच्या पायाकडे बघ आणि दुखापतीची खबर कोचला दे, म्हणजे बदली कोणाची करायची ते त्याला ठरवता येतं. मग कोचने दोनच मुद्दे सांगावेत. चार सांगितले की एकही राहत नाही. शेवटची दोन मिनिटं तुझी, आणि त्यात गोलकीपर आणि सेंटर हाफ, म्हणजे मधला बचावपटू, यांनी एकमेकांना काय हाक द्यायची एवढं ठरलं तरी पुष्कळ. आणि तिथूनही शेवटी तूच बाहेर पड. कुणाची शिनगार्ड, म्हणजे नडगीवरची ढाल, बाकावर राहिली, कुणी गळ्यातला दोरा परत घातला, ते तुलाच दिसेल. दोरा, कडं, बाळी चिकटपट्टीने झाकून चालत नाही, काढावंच लागतं. रेफरीने ओळीवर अडवलं की पहिली दोन मिनिटं दहा जणांनी खेळायची वेळ येते.

फोनचं तू विचारलं नाहीस, पण तुमच्यातला खरा उंदीर तोच आहे. खोलीतल्या भांडणाचा व्हिडिओ पाच मिनिटांत स्टेटसवर गेला म्हणतोस, आणि आता तू तो कुणी टाकला याचा शोध घेतोयस. सोड तो शोध. 2010 च्या विश्वचषकात फ्रान्सचं हेच झालं. 17 जूनला मेक्सिकोविरुद्धच्या मॅचच्या हाफ टाइमला खेळाडू अनेल्का आणि प्रशिक्षक डोमेनेक यांच्यात वाजलं. दोनच दिवसांत ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून आलं. छापलेले शब्द नेमके तेच होते का, यावरही नंतर वाद झाला. अनेल्काला घरी पाठवलं, आणि कॅप्टन एव्हरा म्हणाला की खरा प्रश्न आपल्यातल्या गद्दाराचा आहे. 20 जूनला दक्षिण आफ्रिकेतल्या क्नायस्नाच्या मैदानावर संघाने सरावच नाकारला आणि खेळाडू बसमध्ये जाऊन बसले. एक गुण आणि एक गोल घेऊन घरी परतले. चार वर्षांपूर्वी हाच देश अंतिम सामना खेळला होता. बातमी फोडणारा सापडला असता तरी ते भांडण मिटलं नसतं, कारण त्या पंधरा मिनिटांत खोलीत जे मिटवायचं होतं ते मिटवलंच नव्हतं.

म्हणून फोन मॅचच्या एक तास आधी एका पिशवीत, आणि खोली झाडून झाल्यावर परत. तुझाही त्यात. तुझा खिशात राहिला तर पिशवी दुसऱ्या मॅचला रिकामी असेल.

आता तुझा प्रश्न. सेंटर फॉरवर्डला आधी गाठ, एकट्याला, प्रॅक्टिसच्या वीस मिनिटं आधी, बूट बांधत असताना. हात कामात असले की माणूस कमी भडकतो. 'तू असाच आहेस' हे वाक्य तोंडातून काढू नकोस. घडलं तेवढंच सांग: 'तू त्याला आईवरून बोललास, तो दोन दिवस आला नाही, आणि रविवारी मला लेफ्ट बॅक नाही.' मग गप्प बस. तो म्हणेल, आम्ही पण अशाच शिव्या खाऊन मोठे झालो. त्यावर वाद घालू नकोस, फक्त विचार की पोराला तू बोलणार की मी. तो बोलला तर उत्तम. तो नाही म्हणाला तर त्याच दिवशी कोचला सांग, आणि कोचला सांगतोय हे त्याला आधी सांग. त्याच्या पाठीमागे एक शब्द गेला तरी तुझी पट्टी उतरली समज.

पोराच्या घरी तू स्वतः जा, कुणाला पाठवू नकोस. गोल त्याच्या बाजूने गेला हे खरं आहे, ते नाकारून त्याला गोंजारू नकोस. त्यांचा विंगर, म्हणजे कडेने खेळणारा, आत वळला तेव्हा आपला लेफ्ट हाफ, म्हणजे डावीकडचा मधल्या फळीतला खेळाडू, खाली आला होता का, सेंटर हाफने हाक दिली होती का, ते त्याच्यासोबत कागदावर काढ. बहुतेक वेळा एका गोलमागे तीन चुका असतात आणि शिवी एकट्यालाच बसते. सगळ्यांसमोर हात मिळवायला मात्र लावू नकोस. तो फोटोपुरता होतो.

बाहेरून मानधनावर आलेले खेळाडू एका कोपऱ्यात बदलतात, असं तू सहज लिहून गेलास. मला ते सहज वाटलं नाही. जागा शर्टाच्या नंबराने लाव, म्हणजे कोपरेच उरत नाहीत. आफ्रिकेतून आलेल्या सेंटर हाफच्या शेजारी इंग्रजी बरं असलेला पोरगा बसव, हाफ टाइमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे. आणि त्याच्या रंगावरून जे नाव पाडलंय ते आजपासून बंद. तो हसतो म्हणून त्याला चालतं असं नाही, हसण्याशिवाय त्याला दुसरं काय करता येतं सांग.

उशिरा येण्याचा दंड ठेवायचा तर दहा रुपये, सगळ्यांना सारखा, तारखेसह वहीत. जमलेले पैसे बर्फ, पांढरी टेप आणि जादा लेस यांवरच जावेत. एका सिनिअरला एकदा सूट दिलीस की पंधरवड्यात डबा रिकामा. स्टडची चावी, शिनगार्डची जादा जोडी, बिननंबरचा एक शर्ट हे तुझ्या बॅगेत कायम. रक्ताचा डाग पडलेला शर्ट घालून रेफरी कुणाला आत घेत नाही.

माझ्याबद्दल बोललं जातं ते तुझ्याही कानावर आलं असेल. डावपेच सोडून हा माणूस पिशव्या आणि झाडूच सांगत बसतो, म्हणून त्याच्या हाताखालच्या पोरांनी कमी चषक आणले. असतील कमी. मला ते पटत नाही आणि पटणारही नाही, कारण ज्या संघाची खोली फुटलेली असते त्याची बचावफळी ऐंशीव्या मिनिटाला फुटतेच. माझी खंत वेगळी आहे. हे मला फार उशिरा कळलं. त्याआधीच्या कित्येक संध्याकाळी मीच सगळ्यांत आधी दाराबाहेर होतो, आणि मागे कोण बसून राहिलं होतं ते मला आजही माहीत नाही. म्हणून तुझ्यावर चिडतो. तू बाविशीतच आहेस, तुला ते माहीत असायला हवं.

रविवारी मॅच चारला आहे. अडीचला खोलीची किल्ली घे, खिडक्या उघड, फरशी पुसून घे आणि शर्ट नंबराप्रमाणे टांग. लेफ्ट बॅक येणार की नाही हे तोवर कळलं नसलं तरी त्याचा शर्ट त्याच्या खुंटीवर असू दे. मॅच झाल्यावर किल्ली तूच परत कर.

तुझा,
काका