पहिली दुर्बीण कोणती घ्यावी आणि ती कशी वापरावी?

नाशिकमध्ये गच्चीवरून आकाशदर्शन करण्यासाठी पंचवीस हजारांच्या आत पहिली दुर्बीण घ्यायची आहे आणि ‘५२५ पट मोठे दाखवणारी’ ६० मिमीची दुर्बीण ऑनलाइन बरीच स्वस्त मिळते आहे, तर ती घ्यावी का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की ती घेऊ नये, आणि तिच्या जागी जी घ्याल ती निवडताना वर्धनाचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. आधी पाहायचे ते आरशाचा किंवा भिंगाचा व्यास आणि दुर्बीण ज्यावर उभी राहते ती बैठक.

त्या ५२५ मागचा हिशेब साधा आहे. या दुर्बिणींच्या भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचे अंतर, बहुधा ७०० मिमी असते आणि सोबत ४ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचे भिंग, दिलेला असतो. ७०० ला ४ ने भागले की १७५ येतात, आणि मध्ये तिप्पट करणारी बार्लो भिंग बसवली की ५२५. गणितात चूक काढता येत नाही, पण दुर्बिणीचे उपयुक्त वर्धन तिच्या मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुपटीच्या आसपास संपते, म्हणजे ६० मिमीच्या दुर्बिणीला १२० पट हीच व्यवहारातली कमाल मर्यादा. त्यापुढे गुरू मोठा होत जातो, पण त्याच्यावरचे पट्टे वाढत नाहीत. उलट सगळे पुसट आणि अंधारे होत जाते. आपल्या हवेत तर मोठ्या दुर्बिणीलाही बहुतेक रात्री २०० पटींच्या पुढे जाण्यात अर्थ नसतो.

त्याहून मोठी अडचण तिपाईची आहे, आणि खोक्यावरच्या वर्णनात ती कधीच दिसत नाही. स्वस्त दुर्बिणींबरोबर ॲल्युमिनियमची हलकी तिपाई येते. फोकसच्या चाकाला बोट लागले की शनी लंबकासारखा हलू लागतो, आणि तो स्थिर होईपर्यंत पृथ्वीच्या परिवलनामुळे तो दृष्टिक्षेत्राच्या कडेकडे सरकलेला असतो. १७५ पटींना आयपीसमध्ये आकाशाचा जेमतेम पाव अंशाचा तुकडा दिसतो आणि आकाश तेवढे अंतर साधारण एका मिनिटात सरकते. तुम्ही शनी पकडून बाजूला झालात आणि घरातले कोणी चष्मा सावरत डोळा लावेपर्यंत तिथे काळोख उरतो. पुष्कळ दुर्बिणी माळ्यावर जातात त्या यामुळेच. माणसाचा उत्साह कमी पडतो असे मला वाटत नाही.

म्हणून नवशिक्याला मी डॉब्सोनियन, म्हणजे बोलीभाषेत ‘डॉब’, सुचवतो. ही आरशाची दुर्बीण लाकडी बैठकीवर तोफेसारखी टेकलेली असते आणि हाताने वर-खाली व डावीकडे-उजवीकडे ढकलून ती फिरवता येते. तिचा प्रसार ज्यांनी केला ते जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होते. टाकाऊ वस्तूंतून दुर्बिणी तयार करून ते रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवत असत. किमतीतला मोठा वाटा बैठकीच्या यंत्रणेऐवजी आरशावर खर्च होतो, हा या रचनेचा खरा फायदा आहे. १३० मिमीचा आरसा ६० मिमीच्या भिंगापेक्षा पावणेपाच पटींच्या आसपास प्रकाश गोळा करतो, आणि १५० मिमीचा सव्वासहा पट. आपल्या रकमेत टेबलावर ठेवायचा १३० मिमीचा डॉब बसावा; थोडी अधिक तयारी असेल, तर १२०० मिमी नाभीय अंतराचा १५० मिमी डॉब घेतल्यावर बरीच वर्षे दुसऱ्या दुर्बिणीची आठवण होणार नाही. मात्र तो पंधरा किलोच्या आसपास भरतो आणि त्याची नळी सव्वा मीटरभर लांब असते, तेव्हा गच्चीपर्यंत लिफ्ट आहे की शेवटचा मजला जिन्याने चढायचा आहे, हे आधी पाहावे.

विषुववृत्तीय बैठक, म्हणजे वजने लावलेली ती दिमाखदार तिपाई, दुकानदार आग्रहाने दाखवतील. तिचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. नाशिकचे अक्षांश २० आहेत, त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर असतो, आणि शहरात तेवढ्या उंचीवर शेजारची इमारत, पाण्याची टाकी किंवा धुरकट हवा असते. शिवाय यांतल्या काही बैठका अधिक अक्षांशांच्या देशांसाठी आखलेल्या असल्याने २० अंशांपर्यंत झुकवल्यावर वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. छायाचित्रणाच्या मागे लागाल तेव्हा तिचा विचार करता येईल.

आणखी एका प्रकारापासून सावध राहावे. काही ११४ मिमीच्या दुर्बिणींवर १००० मिमी नाभीय अंतर छापलेले असते आणि नळी मात्र अर्ध्या मीटरची असते. त्यांत गोलीय आरसा वापरून आयपीस बसतो त्या फोकसच्या नळीत एक सुधारक भिंग बसवलेले असते, प्रतिमा सहसा मऊ येते आणि आरसे जुळवणे त्रासाचे होते.

खरेदीपूर्वी एकदा तरी इतरांच्या दुर्बिणीतून पाहावे. मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला आकाशदर्शनाचे कार्यक्रम करते, आणि पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून कार्यरत आहे. देवयानी दीर्घिका आयपीसमध्ये राखाडी धुक्याच्या ठिपक्यासारखी दिसते, छायाचित्रांतले रंग डोळ्याला दिसत नाहीत, हे पैसे देण्याआधी कळलेले बरे. निर्णय होत नसेल, तर १०×५० ची, म्हणजे दहा पट वर्धनाची आणि ५० मिमी भिंगांची द्विनेत्री घेऊन एक हिवाळा काढावा. कृत्तिका तर दुर्बिणीपेक्षा द्विनेत्रीतच देखण्या दिसतात.

आता वापराविषयी. दुर्बीण आली की पहिले काम दिवसा करायचे. दूरचा मोबाइल टॉवर मुख्य दुर्बिणीत मधोमध आणावा आणि मग फाइंडरचे, म्हणजे नळीवर बसवलेल्या नेम धरायच्या छोट्या साधनाचे, स्क्रू फिरवून त्याचीही खूण त्याच टोकावर आणावी. हे काम सूर्याकडे पाठ करून करावे. दुर्बिणीसोबत आयपीसला लावायचा ‘सन फिल्टर’ आला असेल, तर तो फेकून द्यावा. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो, आणि त्या क्षणी डोळा तिथेच असतो.

रात्री निरीक्षणाच्या अर्धा-पाऊण तास आधी दुर्बीण गच्चीत नेऊन ठेवावी, म्हणजे आरसा बाहेरच्या तापमानाला येतो. दिवसभर तापलेली स्लॅबही संध्याकाळी उष्णता सोडत असते आणि त्यामुळे ग्रह पाण्याखाली असल्यासारखे थरथरतात. उन्हाळ्यात उशिरा रात्री केलेले निरीक्षण त्यामुळे अधिक चांगले होते. सुरुवात नेहमी २५ मिमीच्या आयपीसने करावी. १५० मिमी डॉबवर तो ४८ पट वर्धन देतो आणि दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी मावतील एवढे आकाश दाखवतो. वस्तू मधोमध आली की मगच १० मिमीचा आयपीस लावून १२० पटींवर जावे. शनीची कडी तिथे स्पष्ट वेगळी दिसते. चंद्र पौर्णिमेला पाहू नये. शुद्ध सप्तमी-अष्टमीला प्रकाश आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात.

आपल्या अक्षांशांचा एक लाभ घ्यायला विसरू नये. नरतुरंग या तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा आपल्या आकाशगंगेतला सर्वांत मोठा गोलाकार तारकागुच्छ मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास नाशिकच्या दक्षिणेला २२ अंशांवर येतो. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना तो क्षितिजावर दिसतच नाही. त्या बाजूला शहराचा उजेड असेल, तर अमावास्येच्या आसपास गावाबाहेर जावे. पोहोचल्यावर वीस-तीस मिनिटे पांढरा उजेड, विशेषतः मोबाइलचा पडदा, डोळ्यांसमोर आणू नये. नकाशा पाहायला लाल बॅटरी वापरावी.

आरसे जुळवण्याची, म्हणजे कोलिमेशनची, भीती बाळगू नये. ध्रुवतारा जागेवरून जवळजवळ हलत नाही, म्हणून गच्चीवरून दिसत असेल तर तपासणीला तो सोयीचा. त्याला मधोमध ठेवून फोकस थोडा बिघडवला की प्रकाशाची वलये दिसतात. ती एकमेकांत समकेंद्री असतील तर काही करायचे नाही, एका बाजूला झुकली असतील तर मुख्य आरशामागचे स्क्रू अगदी थोडे फिरवावेत. आरशावरची धूळ पुसू नये, कारण थोड्या धुळीने प्रतिमेत फरक पडत नाही, पुसण्याने मात्र ओरखडे पडतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश तसेही मिळत नाही. त्या काळात आयपीस सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि पुड्या रंग बदलतील तेव्हा तापवून पुन्हा वापराव्यात. नळीची दोन्ही तोंडे झाकण्यापूर्वी आत दव राहिलेले नाही ना, हे पाहावे, नाहीतर दसऱ्याला झाकण काढाल तेव्हा आरशावर बुरशीची जाळी आलेली असेल.