महिन्याला एकच कादंबरी वाचून होत असेल तर कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. गेल्या महिन्यात कोणत्या कादंबऱ्या वाचल्या आणि त्या कशा वाटल्या, हा पहिला. नोकरी-संसारातून महिन्याला जेमतेम एकच पुस्तक होतं, तर त्यांतली कोणती घ्यावी, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्याबद्दल माझ्या मनात आता काही शंका उरलेली नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या आणि तिच्या पाठोपाठ विभावरी शिरूरकरांची 'बळी'. तुम्ही एक विचारलीत, मी दोन सांगते आहे. पण 'रणांगण' अगदी लहान आहे, दोन-तीन संध्याकाळी पुरतात, आणि या दोन कादंबऱ्या एकमेकींना लागून वाचल्या तरच त्यांचा खरा अर्थ हाती येतो असं माझं ठाम मत झालं आहे.

मी बडोद्याची. घर दांडिया बाजाराच्या अंगाला, आणि पुस्तकं आणते ती मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून आणले आणि राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं, ते सगळं या वास्तूशी जोडलेलं आहे. पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, म्हणजे खालपर्यंत उजेड पोचतो. मराठीचा साठा मोठा आणि जुना. नवीन पुस्तकं मात्र उशिरा येतात, त्यामुळे माझं वाचन आपोआपच मागच्या पिढ्यांकडे वळतं. ते मला आवडतं.

महिन्याची सुरुवात खांडेकरांच्या 'ययाति'ने झाली. आमच्या शेजारच्या बेननी ती गुजरातीतून वाचली होती आणि त्यावर माझ्याशी बोलायचं होतं. गुजरातमध्ये खांडेकरांवर जेवढं प्रेम आहे तेवढं आज महाराष्ट्रात तरी असेल का, कोण जाणे. १९५९ची कादंबरी, मराठीला पहिलं ज्ञानपीठ हिच्यामुळे मिळालं, आणि वासनेला कुठे अंत नसतो हे ती फार मोठ्या ताकदीने मांडते. तरी मला ती पुरती पटली नाही. ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. तिघांची दुःखं वेगळी, पण वाक्यं एकाच माणसाची वाटतात. देवयानी रागावलेली असताना तिने सुभाषित का सांगावं? राग आलेल्या बाईची भाषा तुटक होते, अन्यायी होते. ती इथे होत नाही. बेनना हे मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, ती सुभाषितंच तर मी वहीत उतरवून घेतली. वाचणारा कशासाठी वाचतो त्यावर आहे.

उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) त्याच्या अगदी उलट. तिथे कौतिक तोंड उघडते आणि वऱ्हाड समोर उभं राहतं. नवरा शिंपी, कर्तबगारी बेताची. संसार वर काढायचा म्हणून ही बाई जीव पणाला लावते, आणि त्यात नवऱ्याला महारोग होतो. एवढं दुःख सलग वाचवत नाही, मी मध्ये दोनदा पुस्तक बाजूला ठेवलं. पण शेळके कौतिकची कीव करत नाहीत. ती भांडते, हिशेब करते, चुकते, पुन्हा पदर खोचते. बडोद्यात आमच्या मराठीत निम्मी गुजराती मिसळलेली. वऱ्हाडी संवाद मला डोळ्यांनी लागेनात, म्हणून मोठ्याने वाचले. तुम्हीही अडलात तर तसंच करा. कानाला ते लगेच कळतात.

'बनगरवाडी' पुन्हा वाचली. किती वेळा वाचली तरी तरुण मास्तर धनगरांच्या त्या वस्तीत पोचतो तिथून पुस्तक सोडवत नाही. माडगूळकर एक शब्द जास्त खर्च करत नाहीत. गावाने तालीम बांधायची ठरवणं आणि ती उभी राहणं, हा भाग मला या खेपेला सगळ्यात आवडला, कारण पुढे दुष्काळ काय करणार आहे ते आपल्याला माहीत असतं आणि तरीही त्या भिंती उभ्या राहताना आनंद होतो. ही सुचवायला मला संकोच एवढाच की तुम्ही ती बहुधा वाचलेली असेल.

रंगनाथ पठाऱ्यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' अजून चालू आहे. ती एका महिन्यात आटोपण्यातली नाही. मत पूर्ण झाल्यावर.

आता मुख्य गोष्ट.

'रणांगण' १९३९ची. बेडेकर चित्रपटाचं शिक्षण घेऊन इंग्लंडहून परतले ते ज्या बोटीने, तिच्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू होते. कादंबरीतली बोटही तशीच आहे. चक्रधर विध्वंस नावाचा मराठी माणूस युरोपातून मुंबईला निघालाय, आणि बरोबर ही घरदार सुटलेली माणसं, त्यांत हॅर्टा. ती मंडळी पुढे चीनकडे जाणार. त्या काळी व्हिसा न मागता उतरू देणारं शांघाय हे जवळजवळ एकच मोठं बंदर होतं. सुमारे २०,००० ज्यू तिथे पोचले. अशा बोटी सुएझमधून मुंबईला लागत आणि पुढे जात. म्हणजे आपल्या धक्क्यावरून ही माणसं गेली. मुंबई त्यांना एखाद्या दिवसापुरती दिसली असेल, एवढंच.

चक्रधर मला आवडला नाही, आणि बेडेकरांना तो आवडावा असं वाटतच नसावं. उमा नावाच्या मुलीकडून दुखावलेला, बायकांवर मनातून डूख धरलेला. हॅर्टाकडे तो आधी प्रवासातली एक ओळख म्हणूनच पाहतो. मग ती ओळख त्याच्या हाताबाहेर जाते. पण त्याला मुंबईत उतरायचं असतं. ही साधी गोष्ट सगळ्या पुस्तकावर टांगलेली आहे. त्याच्या खिशात पत्ता आहे, तिच्या खिशात नाही. शेवट सांगत नाही, तो तुम्हीच वाचा.

आणखी एक. हे लिहिलं गेलं तेव्हा युद्ध नुकतंच पेटत होतं, मृत्यूच्या छावण्या पुढे दोन वर्षांनी उभ्या राहिल्या. बेडेकरांना त्यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं. आपल्याला आहे. त्यामुळे बोटीवरची माणसं हसतात, नाचतात, एकमेकांवर रुसतात, तेव्हा आपल्या छातीत जे होतं ते १९३९च्या वाचकाला झालं नसेल. सनावळीने काही पुस्तकं शिळी होतात. या पुस्तकाला उलट धार आली आहे.

आता 'बळी'. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, विश्राम बेडेकरांच्या पत्नी. लग्न १९३८चं. त्याआधीच या टोपणनावाने लिहिलेल्या 'कळ्यांचे निःश्वास' या पुस्तकाने १९३३ साली मोठं वादळ उठवलं होतं, आणि आजही त्यांचं नाव निघालं की लोक तेवढंच बोलतात. 'बळी' १९५०ची. ती घडते सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाच्या आत, मांगगारुड्यांच्या वस्तीत.

हे सेटलमेंट प्रकरण थोडं सांगायला हवं, कारण पुष्कळांना ते माहीत नसतं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला, त्याने अख्खी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. एखाद्या माणसाने चोरी केली की नाही हा प्रश्नच नाही. त्या जमातीत जन्मला एवढं पुरे. मग नावनोंदणी, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायला पास, आणि सुधारणेच्या नावाखाली कुंपणातली वसाहत. सोलापुरात गिरण्या होत्या, तिथे या लोकांना कामाला लावत. मालतीबाईंनी सोलापूरच्या त्या सेटलमेंटमध्ये काम केलं होतं. त्यांनी ते आतून पाहिलं.

आणि इथे दोन पुस्तकं माझ्या डोक्यात एकत्र आली. एकाच घरात, दहा-अकरा वर्षांच्या अंतराने, नवऱ्याने आणि बायकोने एकाच अन्यायावर लिहिलं: जन्मावरून माणसाला वेगळं काढणं आणि ते कायद्याने करणं. मी दोन्ही पुस्तकं लागोपाठ घेतली नसती तर हे मला दिसलं नसतं. दोघांनी आपसात याबद्दल काय बोलणं केलं असेल याचा विचार मी अजून करते आहे.

मग 'रणांगण' सगळ्यांच्या यादीत आणि 'बळी' का नाही? लिखाणात फरक आहे, तो मान्य करते. 'रणांगण' घट्ट आहे, एक धागा सैल नाही. 'बळी'त काही ठिकाणी लेखिकेतली कार्यकर्ती पुढे येऊन समजावून सांगते, तिथे कादंबरी थांबते. पण माझ्या मते खरं कारण हे नव्हे. 'रणांगण'मधला अन्याय हिटलरचा आहे. त्याच्यावर रागावताना आपल्याला आपल्या घरातलं काही हलवावं लागत नाही. 'बळी'तला अन्याय कायद्याने इंग्रजांचा असला तरी तो चालवणारी माणसं आपली, कुंपणाबाहेरचं गाव आपलं, वस्तीतली पोरं शाळेत आली तर नाक मुरडणारे आपण. चक्रधर बोटीवरून उतरतो तसं या पुस्तकातून वाचकाला उतरता येत नाही.

लायब्ररीत तारखेचे शिक्के मारायची चिठ्ठी मागच्या पानाला डकवलेली असते. 'ययाति'ला चिठ्ठीवर चिठ्ठी चढलेली, कोपरे मळून काळे पडलेले. 'रणांगण'ची प्रत तर नव्याने बांधून घेतलेली. 'बळी'ची मूळ चिठ्ठी तशीच होती, वर थोडे शिक्के आणि खाली बरीचशी कोरी जागा. पानं मात्र पिवळी, कडेला हात लावला की तुकडा हातात येईल अशी. मी ती टेबलावर ठेवूनच वाचली, मांडीवर घेण्याचं धाडस झालं नाही. हे पाहून मला मनापासून वाईट वाटलं, आणि हे उत्तर इतकं लांबण्याचं कारणही तेच.

बडोद्यात बसून ही कादंबरी वाचताना ती जुनी वाटत नाही, हेही सांगते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून रद्द झाला, 'बळी' आल्यावर दोन वर्षांनी. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण शिक्का कायद्याबरोबर पुसला गेला नाही. इथेच विद्यापीठात इंग्रजी शिकवलेले गणेश देवी, बंगाली लेखिका महाश्वेता देवी आणि 'उचल्या'चे लक्ष्मण गायकवाड यांनी १९९८ साली विमुक्त जमातींच्या हक्कांसाठी संघटना उभी केली, तिची सुरुवात या शहरातून झाली. अहमदाबादेतलं छारानगर हीसुद्धा अशीच जुन्या सेटलमेंटची वस्ती. पश्चिम बंगालमध्ये पोलिसांच्या कोठडीत मारल्या गेलेल्या बुधन सबर या माणसावरचं नाटक तिथल्या मुलामुलींनी बसवलं आणि त्याच्याच नावाने आपलं नाट्यपथक काढलं. 'बळी'तल्या मुलांची ही पुढची पिढी असं मला वाटतं, आणि हे वाटण्यासाठी कादंबरी आधी वाचलेली असावी लागते.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी 'रणांगण', मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या, मग 'बळी'. उलट केलंत तर 'रणांगण'मधली प्रेमकथा तुम्हाला फिकी वाटण्याची भीती आहे, आणि ती मुळीच फिकी नाही.

'रणांगण' दुकानात सहज मिळते. 'बळी'साठी शोधाशोध करावी लागेल. जवळच्या जुन्या वाचनालयात विचारा, आणि विचारताना दोन्ही नावं सांगा. आमच्याकडे यादीत मालतीबाई बेडेकर पाहिलं तर काही हाती लागलं नाही. विभावरी शिरूरकर म्हटल्यावर तिथल्या बाईंनी दोन मिनिटांत काढून दिली.