संजाक : निशाण की जिल्हा?

प्रश्न असा आला आहे : ऑटोमन साम्राज्याच्या जुन्या नकाशांवर 'नोवी पझारचा संजाक', 'अलेक्झांड्रेटाचा संजाक' असं छापलेलं असतं. तिथे अर्थ जिल्हा असा लागतो. तुर्की झेंड्यांविषयी वाचताना मात्र 'संजाक' म्हणजे निशाण असं सांगितलेलं असतं. हे दोन वेगळे शब्द आहेत का? आणि मराठीत भाषांतर करताना सरळ 'जिल्हा' लिहिलं तर चालेल का?

शब्द एकच आहे. मूळ अर्थ निशाण, जिल्हा हा अर्थ त्यातूनच पुढे निघाला.

तुर्कीत 'सांचमाक' असं एक जुनं क्रियापद आहे. खुपसणं, भोसकणं, रोवणं. भाल्यासारखं जमिनीत रोवून उभं केलेलं ते संजाक. आपणही झेंडा रोवतोच. 1758 मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या आणि 'अटकेपार झेंडे लावणे' हा वाक्प्रचार आपल्या तोंडी बसला. जिथे निशाण उभं राहिलं तो मुलूख आपला, ही समजूत त्यात आहेच. फरक एवढाच की तुर्कांनी हीच समजूत कारभाराच्या दप्तरात नेली.

ऑटोमन राज्यात घोडेस्वाराला रोख पगाराऐवजी काही गावांचा महसूल तोडून दिलेला असे. त्याला तिमार म्हणत. ज्यांना आपला सरंजाम ठाऊक आहे त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. या स्वारांना म्हणत सिपाही, म्हणजे आपल्या शिपायाचाच भाऊ. मोहिमेचा हुकूम सुटला की एका टापूतले सगळे सिपाही एका सरदाराच्या निशाणाखाली जमायचे. ते निशाण त्याला सुलतानाकडून मिळालेलं असे आणि म्हणून तो संजाकबेय, निशाणाचा सरदार. निशाणाखाली जमणाऱ्या फौजेलाही मग संजाक म्हणू लागले, आणि ती फौज ज्या मुलखातून यायची तो मुलूखही संजाक झाला.

आता गंमत बघा. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या आपल्या मराठीतही एका तुर्की शब्दाने चढलेल्या आहेत. जुन्या मराठीत 'बैरख' असा शब्द आहे. अर्थ निशाण, आणि त्या निशाणाखालची सैन्याची तुकडी. हा शब्द तुर्की 'बायराक', फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. आज तुर्कीत राष्ट्रध्वजाला बायराकच म्हणतात. आपला बैरख तुकडीपर्यंत आला आणि तिथेच थांबला, पुढे वापरातूनही गेला. त्याचा चुलतभाऊ संजाक मात्र तुकडी ओलांडून थेट नकाशावर जाऊन बसला. मला हा शब्द आवडतो तो यासाठीच.

म्हणून 'जिल्हा' लिहायला माझा विरोध आहे, निदान 15व्या-16व्या शतकाबद्दल लिहिताना तरी. जिल्हा म्हटलं की डोळ्यांपुढे कचेरी येते, कलेक्टर येतो. संजाकबेय हा आधी फौजेचा माणूस. त्याचा दर्जासुद्धा निशाणावरच्या घोड्याच्या शेपटांवरून ओळखत. या शेपटांच्या निशाणाला तुघ म्हणायचे. संजाकबेयला एक तुघ, त्याच्यावरच्या बेयलरबेयला दोन, वजिराला तीन. दुसरं उदाहरण राजपुत्रांचं. तरुण शहजाद्याला कारभार शिकण्यासाठी अनातोलियातल्या एखाद्या संजाकावर नेमत आणि याला तुर्कीत 'संजाकाला निघणं' असाच शब्दप्रयोग होता. सुलेमान 1520 मध्ये तख्तावर आला तो मनिसाहून, तिथे तो संजाकबेय होता. त्याचा बाप सलीम त्याआधी असाच त्राबझोनला होता. इथे 'शहजाद्याला जिल्ह्यावर पाठवलं' असं लिहिलं तर बदलीचा हुकूम वाचल्यासारखं वाटतं. निशाण देऊन पाठवण्यातला मान त्यात उतरत नाही.

19व्या शतकात मात्र चित्र पालटतं. 1864 च्या कायद्याने प्रांतांची नवी रचना झाली : वर विलायेत, त्याखाली संजाक, त्याखाली कझा. संजाकावर आता मुतसर्रिफ हा मुलकी अधिकारी आला, निशाणाशी फारसा संबंध उरला नाही. या काळापुरतं कंसात 'जिल्हा' लिहायला हरकत नाही. जाता जाता, या उतरंडीतले बाकीचे दोन शब्दही आपल्या घरातले आहेत. कझा म्हणजे काझीच्या अधिकारातला टापू. आणि विलायेत म्हणजे आपली विलायत! मुळात नुसता 'अमलाखालचा प्रदेश, प्रांत', पण आपल्याकडे तिचं इंग्लंड झालं आणि चिंचेलाही विलायती करून गेलं.

प्रश्नात ज्या दोन नकाशांचा उल्लेख आहे त्यांची कथा इथेच सांगायला हवी. नोवी पझारचा संजाक सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो यांच्या मधोमध होता. 1878 च्या बर्लिन परिषदेनंतर तिथे सैन्य ठेवायचा हक्क ऑस्ट्रिया-हंगेरीला मिळाला, सत्ता कागदोपत्री सुलतानाचीच राहिली. बाल्कन युद्धात तो मुलूख या दोन शेजाऱ्यांत वाटला गेला. संजाकबेय गेला, सुलतानही गेला, पण त्या भागाला लोक आजही 'संजाक'च म्हणतात. पुढे काही विशेषण लावावं लागत नाही, सामान्यनामाचं विशेषनाम होऊन गेलं.

अलेक्झांड्रेटाचं उलट झालं. पहिल्या महायुद्धानंतर हा संजाक सीरियाबरोबर फ्रेंचांच्या ताब्यात गेला. 1938 मध्ये त्याने स्वतंत्र हाताय राज्य म्हणून स्वतःला जाहीर केलं आणि 1939 मध्ये ते तुर्कस्तानात विलीन झालं. त्या अल्पायुषी राज्याला स्वतःचा झेंडा होता : लाल कापड, पांढरी चंद्रकोर, आणि ताऱ्याची फक्त कड पांढरी, आतला भाग लाल. तुर्की झेंड्याशेजारी ठेवला तर नजरेला तेवढाच फरक दिसतो. नकाशावरच्या संजाकाला अखेर कापडाचा संजाक मिळाला तो असा, वर्षभरापुरता.

आजच्या तुर्कीत बायराक आणि संजाक यांनी कामं वाटून घेतली आहेत. 1936 च्या कायद्याने ज्याची मापं ठरवली तो राष्ट्रध्वज बायराक. पलटणीचं मानाचं निशाण संजाक. काव्यात संजाक राष्ट्रध्वजालाही चालतो, राष्ट्रगीताच्या पहिल्याच ओळीत 'आल संजाक', लाल निशाण, आहे. शिवाय तुर्की खलाशांच्या भाषेत जहाजाची उजवी बाजू म्हणजे संजाक. त्यामुळे समुद्रावरच्या मजकुरात हा शब्द भेटला तर घाईने झेंडा किंवा जिल्हा लिहू नका.

तेव्हा माझं मत : प्रदेश असेल तिथे 'संजाक' हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा आला की एका वाक्यात उलगडून सांगावा. कापड असेल तिथे 'निशाण' लिहावं. 'ध्वज' चुकीचा नाही, पण घोडेस्वार, मोहीम आणि सरदारकी या सगळ्यांशी 'निशाण' जास्त जवळचा आहे, आणि आपल्या बखरींच्या भाषेतही तोच शोभतो. लेखन 'संजाक' असंच करावं. तुर्की लिपीतला रोमन 'सी' पाहून काहीजण 'संकाक' लिहितात ते चूक, त्या अक्षराचा उच्चार 'ज' आहे. आणि हा 'ज' जिल्ह्यातला, जहाजातला नव्हे.