रिपोर्ट नंतर, आधी पेशंट बघा

प्रश्न: मी न्यूरॉलॉजीत नुकतीच शिकवायला लागलेय, रेसिडेंट्सना (स्पेशालिस्ट व्हायचं ट्रेनिंग घेणाऱ्या डॉक्टरांना) न्यूरोमस्क्युलर, म्हणजे नसा-स्नायूंचे आजार, शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. स्ट्रोक, फिट्स मुलं पटकन शिकतात, पण हातापायातली ताकद गेलेला पेशंट आला की लगेच ईएमजी-एनसीव्हीचा (स्नायू आणि नसांच्या विद्युत तपासणीचा) फॉर्म भरतात आणि रिपोर्टची वाट बघत बसतात. कसं शिकवू?

उत्तर: डॉक्टर, फॉर्म भरू द्या, फक्त त्यावर एक ओळ सक्तीची करा, दोष कुठे वाटतोय? अँटिरिअर हॉर्न सेल (मज्जारज्जूतली पेशी), रूट (नसेचं मूळ), नर्व्ह, जंक्शन (नस स्नायूला मिळते ती जागा) की मसल? चुकलं तरी चालेल पण लिहायचंच, आणि मग रेसिडेंटने पेशंटबरोबर लॅबमध्ये स्वतः जायचं. तिथे गेल्यावरच कळतं की हात गार असेल तर कंडक्शनचा (नसेतून संदेश जाण्याचा) वेग कमी येतो आणि नसलेली न्यूरोपथी (नसांचा आजार) कागदावर उमटते.

रिपोर्टची वाट बघणं मला सगळ्यात जास्त खटकतं ते जीबीएसमध्ये, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या झपाट्याने वाढणाऱ्या आजारात. पहिल्या काही दिवसांत एनसीव्ही जवळपास नॉर्मल येऊ शकतं, पहिल्या आठवड्यात सीएसएफचं (मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचं) प्रोटीनही, आणि इकडे पेशंटचे रिफ्लेक्स गेलेले असतात, कमजोरी पायातून वर सरकत असते. अशा वेळी ऑक्सिजन ९८ दिसला म्हणून मुलं निर्धास्त होतात, पण श्वासाचे स्नायू थकतात तेव्हा तो आकडा फार उशिरा पडतो हो! म्हणून उशीवरून मान उचलता येते का, एका श्वासात कितीपर्यंत मोजता येतं, हे दर राऊंडला बघून लिहायला लावा, व्हायटल कपॅसिटी (पूर्ण श्वास घेऊन जास्तीत जास्त बाहेर सोडता येणारी हवा) किलोमागे २० मिलीच्या खाली गेली की आयसीयूला फोन गेलाच पाहिजे. हे एवढं जरी मुलं पक्कं शिकली तरी जीव वाचतात.

लहान मुलांच्या ओपीडीतही पाठवा त्यांना. एसजीपीटी (स्नायू खराब झाले तरी वाढणारं एन्झाइम) वाढलंय म्हणून लिव्हरच्या तपासण्या चालू असतात आणि मुलगा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत उठतोय हे कोणी बघितलेलंच नसतं, तिथे एक सीके (स्नायूंच्या नुकसानीची रक्ततपासणी) केलं तर ड्युशेनची (मुलांमधल्या स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराची) शंका लगेच येते. एसएमए या मज्जारज्जूतल्या पेशी मरून स्नायू कमजोर करणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी २०१६ पासून औषध आलंय, उपचार जितका लवकर तितका फायदा जास्त, त्यामुळे ‘काही करता येत नाही’ हे वाक्य आता शिकवू नका.

अजून एक, प्रत्येकाला दोन-तीन पेशंट ट्रेनिंग संपेपर्यंत नेमून द्या. एएलएसचं (स्नायू चालवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जाणाऱ्या जीवघेण्या आजाराचं) निदान सांगताना रेसिडेंटला शेजारी बसवा आणि नंतर दार बंद करून त्याच्याशीही बोला, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते फार जड जातं आणि याला वेळ कोणी देत नाही.

प्रश्न: मी रेसिडेंट आहे, ईएमजीची सुई टोचताना पेशंट कळवळतो आणि माझाच हात थांबतो.

उत्तर: आधी पेशंटला सांगा की सुई कुठे जाणार, किती वेळ राहणार, आणि कोणते स्नायू बघायचे ते सुरू करायच्या आधीच ठरवा म्हणजे उगाच जास्त टोचावं लागत नाही. नर्व्हचे शॉक एकदा स्वतःच्या हातावर घेऊन बघा, बोलण्यात फरक पडेल. मशीनचा आवाज मोठा ठेवा, फिब्रिलेशन (आजारी स्नायूतून आपोआप उठणारे बारीक विद्युत सिग्नल) पत्र्यावर पडणाऱ्या थेंबांसारखं वाजतं, ऐकून ऐकून कान तयार होतो. आणि सुरुवातीला मॅडमना किंवा सरांना शेजारी उभं राहायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.